पेनिसिलिन कापणारी कात्री आणि तिला घालावयाची खीळ

पिंपरीचे नाव आज निघाले की लोकांच्या डोळ्यांपुढे मोटारी येतात. परंतु स्वतंत्र भारतात पिंपरीचे नाव प्रथम गाजले ते पेनिसिलिनमुळे. १९५४ साली भारत सरकारने तेथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही कंपनी स्थापन केली. यंत्रसामग्रीसाठी युनिसेफचे आणि तांत्रिक ज्ञानासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे साहाय्य मिळाले, आणि १९५५ साली पेनिसिलिन तयार होऊ लागले. औषधनिर्मितीत उतरलेली केंद्र सरकारची ही पहिली कंपनी. ज्या जखमेने, ज्या न्युमोनियाने पूर्वी धडधाकट माणूस आठवड्यात दगावत असे, ते दुखणे आपल्याच मावळात तयार झालेल्या औषधाने बरे होऊ लागले. त्या काळच्या लोकांना हा चमत्कार वाटला असल्यास नवल नाही.

आज तोच माणूस दवाखान्यातून परत येऊन सांगतो की, ‘इंजेक्शन लागू पडत नाही, डॉक्टरांनी आणखी भारी औषध लिहून दिले आहे.’ याचे कारण विचारले तर दहापैकी नऊ जण म्हणतात, ‘शरीराला औषधाची सवय झाली.’ हा समज सार्वत्रिक आहे, आणि तो चुकीचा आहे. शरीराला प्रतिजैविकाची सवय होत नाही. औषधाला तोंड द्यावयास शिकतात ते जंतू. आणि म्हणूनच ज्याने आयुष्यात कधी प्रतिजैविकाची एक गोळीही घेतली नाही अशा माणसालाही शिकून तयार झालेला जंतू गाठू शकतो. या दोन समजुतींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिली खरी मानली तर प्रश्न ज्याचा त्याचा ठरतो. दुसरी खरी आहे, म्हणून प्रश्न सर्वांचा आहे.

हे जंतू शिकतात म्हणजे नेमके काय करतात, हे समजून घेण्यासाठी आधी औषध काय करते ते पाहू.

जंतू म्हणजे एका पेशीचा जीव. बहुतेक जंतूंच्या पेशीभोवती एक मजबूत जाळीदार भिंत असते. आतला दाब मोठा असतो, आणि तो ही भिंत पेलून धरते. माणसाच्या पेशीला अशी भिंत नसते. म्हणून भिंतीवर हल्ला करणारे औषध जंतूला मारते आणि माणसाला बहुधा सांभाळते. ही भिंत एकदा बांधून संपत नाही. जंतू वाढत असताना ती सतत उकलावी लागते आणि पुन्हा बांधावी लागते. बांधण्याचे काम करणारे जे कारागीर, त्यांना शास्त्रात एंझाइम म्हणतात. मराठीत विकर असाही शब्द आहे. एंझाइम हे एक प्रथिन असते. ते एखादी रासायनिक क्रिया घडवून आणते, स्वतः मात्र खर्ची पडत नाही, आणि एक काम आटोपले की दुसरे हाती घेते.

भिंतीचे धागे एकमेकांना जोडणारे एंझाइम त्या धाग्याचे टोक आपल्या खाचेत धरते. पेनिसिलिनच्या रेणूची घडण या टोकाशी पुष्कळ मिळतीजुळती आहे. त्याच्या मध्यभागी चार अणूंचे, तीन कार्बनचे आणि एक नायट्रोजनचे, लहानसे चौकोनी कडे असते. त्याला बीटा-लॅक्टम कडे म्हणतात. हे कडे ताणलेल्या स्प्रिंगसारखे असते. थोडा धक्का लागला की उघडते. एंझाइम त्याला धाग्याचे टोक समजून पकडते, कडे उघडते, आणि पेनिसिलिन एंझाइमला घट्ट चिकटून बसते.

लेथवर काम केलेल्या माणसाला हे चटकन समजेल. चकमध्ये एक जॉब असा अडकला की तो फिरेना आणि सुटेना. यंत्र शाबूत आहे, पण पाळी फुकट गेली. जंतूची भिंत बांधणारी यंत्रे अशी एकामागून एक अडकतात. उकलण्याचे काम चालूच राहते, बांधण्याचे थांबते. भिंत विरते आणि जंतू फुटतो. पेनिसिलिन, ॲम्पिसिलिन, ॲमॉक्सिसिलिन, सेफॅलोस्पोरिन घराण्यातील औषधे आणि रुग्णालयात अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवलेली मेरोपेनेमसारखी औषधे ही सर्व याच कड्याच्या जोरावर काम करतात.

आता जंतूचा डाव पाहू. काही जंतूंपाशी आणखी एक एंझाइम असते. तेही पेनिसिलिनला पकडते, तेही कडे उघडते. येथपर्यंत सर्व तसेच. फरक शेवटच्या पायरीत आहे. या एंझाइमच्या खाचेत पाण्याचा एक रेणू अशा नेमक्या जागी बसलेला असतो की, तो चिकटलेल्या पेनिसिलिनला लगेच सोडवितो. एंझाइम मोकळे होते. बाहेर पडते ते कडे मोडलेले, निकामी पेनिसिलिन. मग पुढचा रेणू. अशा एंझाइमना बीटा-लॅक्टमेज म्हणतात. त्यांतील टेम-१ नावाचे एक सर्वत्र पसरलेले एंझाइम सेकंदाला सुमारे एक हजार पेनिसिलिनचे रेणू कापते. ही कात्री बोथट होत नाही. मग औषधाची मात्रा दुप्पट केली तरी काय उपयोग?

ही कात्री औषधाच्या मागाहून जन्मली असेही नाही. लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिन आढळले ते १९२८ साली. ते शुद्ध करण्याचे काम ऑक्सफर्ड येथे झाले. तेथीलच अब्राहॅम आणि चेन या शास्त्रज्ञांनी पेनिसिलिन नष्ट करणारे एंझाइम जंतूंमध्ये सापडल्याचे डिसेंबर १९४० मध्ये प्रसिद्ध केले. आणि ऑक्सफर्डच्या शुद्ध पेनिसिलिनने आजाऱ्यावर उपचार सुरू झाला तो फेब्रुवारी १९४१ मध्ये! त्याहूनही मागे जाता येते. कॅनडाच्या यूकॉन प्रदेशात तीस हजार वर्षे गोठून राहिलेल्या मातीतून बीटा-लॅक्टमेजची जनुके मिळाल्याचे २०११ साली प्रसिद्ध झाले. याचे कारण उघड आहे. पेनिसिलिन हे मूळचे बुरशीचे शस्त्र. मातीतल्या जिवांची आपसातली लढाई माणसापूर्वीची आहे. माणसाने केले ते एवढेच की, ते शस्त्र टनावारी तयार करून जगभर वापरले, आणि ज्या थोड्या जंतूंजवळ कात्री होती त्यांना रान मोकळे करून दिले.

फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना केलेल्या भाषणात हा धोका सांगून ठेवला होता. अपुऱ्या मात्रेचे पेनिसिलिन मिळाले तर जंतू मरणार नाहीत, उलट तयार होतील, असा त्यांचा इशारा होता.

एंझाइमांच्या साहाय्याने औषध निकामी करण्याच्या जंतूंच्या तऱ्हा ढोबळपणे तीन. कापणे ही पहिली. ती आपण पाहिली. दुसरी चिकटविण्याची. स्ट्रेप्टोमायसिनच्या घराण्यातील औषधांवर, किंवा क्लोरॅम्फेनिकॉलवर, काही एंझाइम एक लहानसा रासायनिक गट चिकटवितात. किल्लीच्या दात्याला डांबर फासावे तसे हे आहे. किल्ली मोडत नाही, पण कुलपात बसतही नाही. तिसरी तऱ्हा म्हणजे कुलूपच बदलणे. औषध ज्या जागी बसावयाचे त्या जागेत एंझाइम फेरफार करते. कॉलिस्टिन या अगदी शेवटच्या औषधाविरुद्धची अशी युक्ती २०१५ साली चीनमध्ये उघडकीस आली. त्यानंतर भारत सरकारने २०१९ साली अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत व कोंबड्यांत कॉलिस्टिन वापरण्यास बंदी घातली.

यात आणखी एक मेख आहे. ही एंझाइम घडविण्याची कृती जंतूच्या जनुकांत लिहिलेली असते, आणि ती पुष्कळदा प्लाझ्मिड नावाच्या सुट्या, वाटोळ्या तुकड्यावर असते. एक जंतू दुसऱ्याला त्याची नक्कल देतो, आणि तो दुसरा वेगळ्या जातीचा असला तरी चालते. एका कारखान्याच्या दारात वाटलेले पत्रक संध्याकाळपर्यंत पाच कारखान्यांत पोचते, तसे हे चालते. एकाच तुकड्यावर चार-पाच औषधांविरुद्धच्या कृती एकत्र असल्या तर एका औषधाचा गैरवापर बाकीच्या चारांनाही निकामी करतो.

येथे एक सांगावयास हवे की, एंझाइम हा काही स्वभावानेच वैरी नव्हे. पेनिसिलिनचा रेणू कोठे कापला जातो यावर सारे अवलंबून आहे. मधले कडे कापणारे एंझाइम औषध नासविते. परंतु कडे शाबूत ठेवून बाजूची साखळी तेवढी कापणारे पेनिसिलिन ॲसिलेज नावाचे एंझाइम कारखान्याला वरदान ठरले आहे. उरलेल्या गाभ्याला नवी साखळी जोडून ॲमॉक्सिसिलिनसारखी औषधे बनवितात. आपल्या पाषाण रस्त्यावरील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत या घराण्याच्या एंझाइमांचा दीर्घकाळ अभ्यास झाला, आणि त्यांपैकी एकाची अणू-अणूपर्यंतची रचना तेथील शास्त्रज्ञांनी इंग्लंडमधील यॉर्कच्या सहकाऱ्यांसह १९९९ साली प्रसिद्ध केली.

आता मुख्य प्रश्न: ही कात्री थांबवावयाची कशी?

एक मार्ग कात्रीच्या पात्यात मावणार नाही असे औषध बनविण्याचा. १९६० च्या सुमारास आलेले मेथिसिलिन हे असेच होते. वर्षभरातच, १९६१ साली, त्यालाही न जुमानणारे स्टॅफिलोकॉकस जंतू इंग्लंडमध्ये सापडले. त्यांनी भिंत बांधणारा कारागीरच बदलला होता. दुसरा मार्ग अधिक चतुर. औषध तेच ठेवावे, आणि त्याच्या सोबतीला कात्रीत अडकून बसणारी खीळ द्यावी. जो डाव पेनिसिलिनने भिंतीच्या कारागिरावर टाकला, तोच आता कात्रीवर टाकावयाचा.

इंग्लंडमधील बीचम कंपनीच्या शास्त्रज्ञांना १९७० नंतरच्या दशकात मातीतील एका स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या जंतूपासून क्लॅव्युलॅनिक आम्ल मिळाले. त्यातही बीटा-लॅक्टम कडे आहे. एकट्याने जंतू मारण्याची त्याची ताकद किरकोळ. परंतु बीटा-लॅक्टमेज त्याला नेहमीचा जॉब समजून पकडते, कडे उघडते, आणि मग उघडलेला रेणू आतल्या आत आपली जुळणी बदलून एंझाइमला असा जखडतो की पाण्याच्या रेणूला तो सोडविता येत नाही. एंझाइम स्वतःच्याच कामाने स्वतःला निकामी करून घेते. म्हणून शास्त्रज्ञ अशा पदार्थाला आत्मघाती रोधक म्हणतात. ॲमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्युलॅनिक आम्ल यांची जोडगोळी ब्रिटनमध्ये १९८१ साली विक्रीस आली. आपल्याकडे औषधाच्या पाकिटावर ‘क्लॅव’ हे अक्षर दिसते ते हेच. सल्बॅक्टम व टॅझोबॅक्टम ही याच तऱ्हेची भावंडे.

जंतूंनी यावरही उत्तर शोधले. शोधले म्हणजे बुद्धीने नव्हे. कोट्यवधी जंतू वाढत असताना नकला करण्यात चुका होतात. एखादी चूक कात्रीचे पाते किंचित रुंद करते, आणि औषधाच्या माऱ्यात नेमका तोच जंतू वाचतो. नव्या सेफॅलोस्पोरिन औषधांनाही कापणारी रुंद पात्याची कात्री १९८३ साली जर्मनीत नोंदली गेली. मग डॉक्टरांनी कार्बापेनेम औषधांचा आधार घेतला, आणि त्यांनाही कापणारी एंझाइम पुढे आली.

त्यांतील एकाचे नाव आपल्या राजधानीशी जोडले गेले. दिल्लीच्या रुग्णालयात उपचार घेऊन २००८ साली स्वीडनला परतलेल्या एका भारतीय वंशाच्या रुग्णात ते सापडले, आणि २००९ साली ‘न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज’, म्हणजे एन.डी.एम.-१, या नावाने प्रसिद्ध झाले. नावावरून आपल्याकडे गदारोळ उठला. नाव लागावयास नको होते हे म्हणणे समजण्यासारखे आहे; परंतु मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी मार्च २०१० मध्येच आपल्या देशातील वैद्यक नियतकालिकात लिहिले होते की, त्यांच्याकडील कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या २४ जंतूंपैकी २२ जंतूंत हे एंझाइम आढळले. घरच्या वैद्याने सांगितलेले दुखणे नावाच्या भांडणात विसरून चालणार नाही.

या एंझाइमची घडण निराळी आहे. इतर कात्र्या सेरीन नावाच्या घटकाने औषधाला पकडतात आणि काही क्षण तरी त्याच्याशी जोडल्या जातात. म्हणूनच खीळ त्या क्षणी अडकते. एन.डी.एम.-१ च्या खाचेत जस्ताचे दोन अणू असतात. ते पाण्याच्या रेणूलाच धार लावतात आणि औषध न चिकटविता कापतात. चिकटणेच नाही, तर खीळ अडकणार कशी? क्लॅव्युलॅनिक आम्ल येथे निरुपयोगी. जस्तच काढून घ्यावे म्हटले, तर माणसाच्या शरीरातील अनेक आवश्यक एंझाइमही जस्तावर चालतात. एका बुरशीपासून मिळालेला जस्त हिरावणारा पदार्थ कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने २०१४ साली उंदरांवर यशस्वी करून दाखविला खरा, परंतु उंदरापासून माणसापर्यंतची वाट लांबची असते.

तरीही शास्त्रज्ञांनी हात टेकलेले नाहीत. ॲव्हिबॅक्टम नावाची नवी खीळ २०१५ साली अमेरिकेत मान्य झाली. तिच्यात बीटा-लॅक्टम कडेच नाही. ती सेरीनच्या कात्रीला पकडते, आणि सुटली तरी बहुधा न मोडता सुटते व पुन्हा अडकते. ती एन.डी.एम.ला रोखीत नाही. परंतु ॲझट्रिओनाम या औषधाला एन.डी.एम. कापू शकत नाही. अडचण अशी की, ज्या जंतूजवळ एन.डी.एम. असते त्याच्याजवळ बहुधा दुसरी सेरीनची कात्रीही असते, आणि ती ॲझट्रिओनाम कापते. मग दोघांना एकत्र करावे: ॲव्हिबॅक्टमने दुसरी कात्री अडवावी आणि ॲझट्रिओनामने जंतू मारावा. ही जोडी युरोपात २०२४ साली आणि अमेरिकेत २०२५ साली मान्य झाली.

आपल्या देशाचा यातील वाटा मोठा आहे. चेन्नईच्या ऑर्किड कंपनीने शोधलेला एन्मेटाझोबॅक्टम हा रोधक सेफेपिम या औषधाच्या जोडीने फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत मान्य झाला. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील वोक्हार्टच्या संशोधन केंद्रातून आलेला झिडेबॅक्टम तर निराळीच वाट चोखाळतो. तो सेरीनच्या काही कात्र्या अडवितोच, शिवाय स्वतः भिंतीच्या एका कारागिराला पकडतो, आणि सोबतचे सेफेपिम दुसऱ्याला. एन.डी.एम. शाबूत राहिले तरी दोन बाजूंनी पडलेला घाव भिंतीला सोसत नाही.

हे सारे ऐकून कोणी म्हणेल, मग चिंता कसली? चिंता अशी की, नवी औषधे महाग असतात, शिरेतून द्यावी लागतात, आणि मोठ्या रुग्णालयातच मिळतात. जंतू मात्र गटारातून फुकट फिरतो. जगात २०१९ साली सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे झाल्याचा अंदाज प्रसिद्ध झालेला आहे. आणि आपल्या दाराशी पाहावयाचे तर मुठेचा गाळ पाहावा. येथील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आणि स्वीडनमधील गोटेंबर्ग विद्यापीठ यांच्या शास्त्रज्ञांनी मुठा नदीच्या गाळाचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध केला. शहराच्या वरच्या अंगाला असलेल्या गाळाच्या मानाने शहरातल्या गाळात औषध-प्रतिकाराची जनुके सुमारे ३० पट आढळली, आणि त्यांत कार्बापेनेम कापणाऱ्या एंझाइमांचीही जनुके होती. कारण न शुद्ध केलेले सांडपाणी. ज्या नदीत आपण गणपती विसर्जन करीत आलो, तिच्या तळाशी या कात्र्यांचे कोठार साठले आहे. औषधाच्या कारखान्यांनाही यातून सुटका नाही. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथे प्रक्रिया होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिनचे प्रमाण लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत असल्याचे २००७ साली प्रसिद्ध झाले होते.

उपाय सांगताना विद्वान मंडळी बहुधा लोकांच्या अडाणीपणावर येऊन थांबतात. मी कामगारांत वावरणारा माणूस आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. कंत्राटी कामगार डॉक्टरकडे न जाता औषधाच्या दुकानात जाऊन दोन गोळ्या मागतो, तो अडाणी म्हणून नव्हे. डॉक्टरकडे रांगेत उभे राहिले की त्या दिवसाचा रोज बुडतो. तपासणीचे पैसे वेगळे. आणि दहा गोळ्यांचे पाकीट एकदम घेण्याइतके पैसे महिनाअखेरीस खिशात नसतात. बरे वाटले की उरलेली गोळी तो शेजाऱ्याच्या मुलासाठी ठेवतो. त्यातही त्याची माणुसकीच असते. परंतु कात्रीला माणुसकी कळत नाही. अपुऱ्या मात्रेतून तिचाच लाभ होतो.

म्हणून जे घरात करावयाचे ते घरात करू. सर्दी-पडशाला आणि बहुतेक घसादुखीला विषाणू कारण असतात. त्यांना भिंतच नाही, तेव्हा तेथे प्रतिजैविक मागू नये. औषध डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत आणि सांगितले तितके दिवस घ्यावे. पुष्कळ दुखण्यांत आता पूर्वीपेक्षा कमी दिवस पुरतात असे दिसून आले आहे. पण ते ठरवावयाचे डॉक्टरांनी, आपण नव्हे. पाकिटावर तांबडी उभी रेघ असली तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यावयाचे नाही, अशी ती खूण आहे. दुसऱ्याच्या उरलेल्या गोळ्या वापरू नयेत.

आणि जे चारचौघांनी मिळून मागावयाचे ते मागितलेच पाहिजे. आजारपणाची पगारी रजा कंत्राटी कामगारालाही हवी. कामगार विम्याची नोंद प्रत्येकाची हवी. थुंकी-लघवीची जंतुतपासणी करून योग्य औषध निवडणारी प्रयोगशाळा वस्तीच्या जवळ हवी. नायट्रोसेफिन नावाच्या पिवळ्या पदार्थाला बीटा-लॅक्टमेजचा स्पर्श झाला की तो तांबडा होतो. जंतू वेगळा करून वाढविला की त्याच्याजवळ ही कात्री आहे का, ते थोड्या वेळात डोळ्यांना दिसते. अशा परीक्षा शोधलेल्या आहेत, त्या गरिबाच्या हाताशी पोचावयाच्या आहेत. आणि मुठेत जाणारे सांडपाणी थेंबन् थेंब शुद्ध झाले पाहिजे, हे महापालिकेला दर निवडणुकीत विचारले पाहिजे.

शास्त्रज्ञ नवी खीळ घडवितील, जंतू नवी कात्री पुढे आणील. या शर्यतीचा वेग मात्र आपल्या हाती आहे. एक खीळ दहा वर्षे टिकते की पन्नास, हे प्रयोगशाळेत ठरत नाही; ते औषधाच्या दुकानात, गोठ्यात, कोंबड्यांच्या खुराड्यात, रुग्णालयातील हात धुण्याच्या नळापाशी आणि शहराच्या गटारात ठरते. पिंपरीला पेनिसिलिन तयार झाले ते लोकांच्या पैशाने आणि कामगारांच्या श्रमाने. ते सांभाळण्याचे कामही लोकांचेच आहे.